सुईनंतरचा हिशेब

स्वादुपिंडात गाठ दिसते आहे, सुईने नमुना घ्यावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरातलं कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतंच, "सुई लावू नका, सुई लावली की कॅन्सर पसरतो." डॉक्टरांनी हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्यांचं उत्तरही पाठ असतं : असं काही नसतं, जुन्या समजुती आहेत. मग संमतीपत्रावर सही होते आणि विषय मिटतो. मला या संवादातले दोघेही अर्धेच बरोबर वाटतात. नातेवाइकांची भीती प्रमाणाबाहेर फुगलेली असते, पण ती निराधार नाही. डॉक्टरांचा दिलासा योग्य दिशेने जाणारा असतो, पण 'असं काही नसतं' हे शब्दशः खरं नाही. शिवाय हे दोघं ज्या धोक्यावरून वाद घालत असतात तो या तपासणीतल्या लहान धोक्यांपैकी एक आहे. मोठा धोका संमतीपत्रावरही नसतो आणि घरच्यांच्या मनातही नसतो.

आधी ही तपासणी काय आहे ते पाहू. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं असतं. पोटावरून चाचपून ते हाताला लागत नाही आणि साध्या सोनोग्राफीत आतड्यातला वायू मध्ये येतो. म्हणून १९८० च्या सुमारास एंडोस्कोपच्या टोकालाच अल्ट्रासाऊंडचा प्रोब बसवायचे प्रयोग सुरू झाले. बाहेरून दिसत नाही तर जठरात शिरून भिंतीपलीकडे बघायचं, इतकी सरळ ही कल्पना. पहिल्या यंत्रांचं चित्र नळीला आडवं, वर्तुळाकार असे. त्यात पुढे सरकणारी सुई नुसता ठिपका दिसायची, आणि जी सुई सबंध दिसत नाही ती स्वादुपिंडात घालायची कुणाची छाती होणार? नळीच्या रेषेत चित्र दाखवणारे प्रोब आल्यावर सुई मुळापासून टोकापर्यंत दिसू लागली. १९९२ मध्ये डेन्मार्कच्या पीटर विलमन आणि सहकाऱ्यांनी स्वादुपिंडाच्या आजारात अशी सुई वापरल्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज आपल्याकडच्या मोठ्या शहरांत ही तपासणी 'ईयूएस बायोप्सी' म्हणून रोजच्या कामाचा भाग झाली आहे.

रुग्णाला गुंगी देतात, तोंडावाटे नळी जठरात किंवा त्यापुढच्या ड्युओडेनममध्ये नेतात, रक्तवाहिनी वाटेत नाही ना हे डॉप्लरवर बघतात आणि भिंतीतून सुई गाठीत घालतात. नेहमीची २२ गेजची सुई जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीची असते. ती गाठीच्या आत वेगवेगळ्या कोनांतून बऱ्याचदा मागेपुढे करतात, म्हणजे एकाच कोपऱ्यातलं नव्हे तर ठिकठिकाणचं काही हाती लागतं. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात.

आता पसरण्याच्या भीतीकडे येऊ. इथे सगळं अवलंबून आहे गाठ कुठे आहे यावर, आणि हे घरच्यांना फारसं कुणी समजावून सांगत नाही. स्वादुपिंडाचं डोकं ड्युओडेनमच्या कवेत असतं. तिथल्या गाठीत जाणारी सुई ड्युओडेनमच्या भिंतीतून जाते, आणि पुढे व्हिपलची शस्त्रक्रिया झाली तर डोक्याबरोबर ड्युओडेनमही काढून टाकतात. सुई गेली ती वाटच शरीराबाहेर जाते. गाठ मधल्या भागात किंवा शेपटीकडे असेल तर मात्र सुई जठराच्या भिंतीतून जाते. शस्त्रक्रियेत शेपटी काढतात, बहुधा प्लीहाही काढतात, पण जठर जागेवर राहतं. त्या वाटेवर चार पेशी सांडल्या असतील तर त्याही राहतात. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, जठराच्या भिंतीत नेमक्या त्याच जागी गाठ उगवल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. जपानमध्ये २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत, बारा हजारांहून अधिक रुग्णांमध्ये, हे प्रमाण ०.३३ टक्के निघालं. तीनशे जणांमागे एक.

तीनशेत एक म्हणजे नगण्य, असं म्हणून पुढे जाता येईल. पण तो एक जण कोण असतो ते बघायला हवं. स्वादुपिंडाचा कॅन्सर कळतो तेव्हा शस्त्रक्रियेजोगे रुग्ण पाचात एखादाच असतात. ज्यांचा आजार यकृतात पोचला आहे त्यांच्या जठराच्या भिंतीत एखादी बारीक गाठ आली काय आणि न आली काय, त्यांच्या आयुष्यात फरक पडत नाही, आणि ती कुणी शोधतही नाही. ही गाठ दिसते ती ज्याची शस्त्रक्रिया झाली, जी यशस्वी झाली आणि त्यानंतर जो पुरेसा जगला त्याच्यात. म्हणजे हा दुर्मीळ धोका नेमका बरं होऊ शकणाऱ्या माणसाच्या वाट्याला येतो. सगळ्या रुग्णांची सरासरी काढली की हे टोक बोथट होतं.

दुसरी बाजूही तितक्याच ठामपणे सांगायला हवी, नाहीतर हा लेख कुणाच्या तरी हाती 'बायोप्सी करू नका' म्हणून पडायचा. पोटाच्या कातडीतून सुई घालण्याच्या जुन्या पद्धतीशी तुलना करता आतून जाणारी सुई कितीतरी सुरक्षित आहे. २००३ च्या एका अमेरिकी अभ्यासात, बाहेरून सुई घातलेल्यांपैकी १६.३ टक्के जणांच्या पोटाच्या आवरणात पुढे कॅन्सर पसरलेला आढळला. आतून सुई घातलेल्यांमध्ये हे प्रमाण २.२ टक्के होतं. अभ्यास लहान होता, पण फरक मोठा होता. अमेरिकेतल्याच दोन हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये असं दिसलं की आधी ईयूएसची सुई लागलेल्यांचं आयुष्य त्यामुळे घटलेलं नव्हतं. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाला द्यायचं प्रामाणिक उत्तर साधारण असं होईल : पसरू शकतो, क्वचित, तुमच्या भावाची गाठ डोक्यात आहे, ती वाटच आपण पुढे काढून टाकणार आहोत, म्हणून इथे ती काळजी नको. या उत्तराला अर्धा मिनिट जास्त लागतो, इतकंच.

संमतीपत्रावर जे धोके छापलेले असतात त्यांत सगळ्यात ठळक असतो पँक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाला येणारी सूज. हा अवयव पचनाची जी रसायनं तयार करतो ती स्वतःच्या आत निष्क्रिय ठेवतो. दुखापत झाली की ती तिथेच जागी होतात आणि अवयव स्वतःलाच पचवू लागतो. सुई निरोगी भागातून गेली की हा धोका वाढतो. यात एक विचित्र विरोध आहे. गाठ मोठी असेल, भोवतालचं स्वादुपिंड वाळून कडक झालं असेल, तर सूज यायला जिवंत भागच थोडा उरलेला असतो. उलट गाठ लहान असेल, लवकर सापडली असेल, तर सुईला निरोगी भागातून जावं लागतं. जपानमधल्या सापोरोच्या एका अभ्यासात २० मिलिमीटर किंवा त्याहून लहान गाठींमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण जास्त आढळलं. ज्याला लवकर कळलं, त्यालाच सुईची किंमत थोडी अधिक मोजावी लागते.

ही किंमत किती, यावर माझा खरा आक्षेप सुरू होतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या केंद्रांकडून माहिती मागवून एक पाहणी प्रसिद्ध झाली. २७ केंद्रांना विचारलं, १९ केंद्रांनी उत्तर दिलं. एकूण ४,९०९ तपासण्यांत १४ जणांना पँक्रियाटायटिस झाला, म्हणजे ०.२९ टक्के. पण त्यातली दोन केंद्रं अशी होती की जी आधीपासून ठरवून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवत होती. त्या दोन केंद्रांत प्रमाण ०.६४ टक्के निघालं. बाकीच्यांत, जिथे मागचे कागद चाळून आकडा काढला होता, ०.२६. आकडे लहान असल्यामुळे यावरून छातीठोक काही म्हणता येत नव्हतं, तरी कमी नोंदी होत असाव्यात असा संशय खुद्द पाहणी करणाऱ्यांनीच मांडला. पुढे २०११ मध्ये ५१ अभ्यास आणि जवळजवळ ११ हजार रुग्ण एकत्र घेऊन या सुईच्या सगळ्या गुंतागुंतींचा आढावा निघाला. एकूण प्रमाण ०.९८ टक्के, मृत्यू ०.०२ टक्के. त्या एका टक्क्याच्या आत पुन्हा तोच प्रकार होता : मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासांत ०.६४ टक्के, ठरवून पुढे पाहणाऱ्या अभ्यासांत १.७२. जवळजवळ तिप्पट.

सुई तीच, अवयव तोच, फक्त कुणीतरी नीट लक्ष ठेवून होतं. 'शंभरात एक' हे वाक्य डॉक्टर सहज म्हणतात आणि रुग्ण सहज ऐकतो. पण हा आकडा जितका सुईविषयी सांगतो तितकाच मोजणाऱ्याविषयीही सांगतो. आपल्याकडे तर या प्रश्नाची धार वाढते. लातूरकडचा किंवा सिंधुदुर्गातला माणूस पुण्या-मुंबईत येऊन सुई लावून घेतो, संध्याकाळच्या गाडीने परत जातो. दुसऱ्या दिवशी पोटात कळ येते. तो गावातल्या डॉक्टरकडे जातो, फार तर तालुक्याच्या रुग्णालयात भरती होतो, तीन दिवस सलाइन लागतं, बरा होतो. ज्या रुग्णालयात सुई लागली त्याच्या वहीत हा माणूस 'कोणतीही गुंतागुंत नाही' असा जातो. यात कुणी खोटं बोललेलं नसतं, कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

गुंतागुंत कशाला म्हणायचं यातही बरीच जागा आहे. तपासणीनंतर रक्तातलं अमायलेज वाढलं आणि पोट दुखत नसेल तर तो पँक्रियाटायटिस नव्हे, हे बरोबर आहे. २०१२ च्या सुधारित अटलांटा व्याख्येप्रमाणे वेदना, रक्तातल्या एन्झाइमची तिपटीहून जास्त वाढ आणि स्कॅनमधली सूज या तीनांपैकी दोन गोष्टी हव्यात. पण पुष्कळदा काविळीच्या रुग्णाची ईयूएस आणि ईआरसीपी एकाच बैठकीत होते. ईआरसीपीत पित्तनलिकेच्या तोंडाशी काम चालतं आणि त्याने पँक्रियाटायटिस होण्याचं प्रमाण सुईपेक्षा कितीतरी मोठं आहे. मग सूज आली तर ती कुणाच्या खात्यावर? सुईवाला म्हणेल ईआरसीपीच्या, आणि बहुधा तेच खरं असेल. रुग्णाचं पोट मात्र एकच असतं.

रक्तस्राव, संसर्ग, नळीने पडलेलं छिद्र हेही धोके आहेत. ते यादीत असतात, ते क्वचित घडतात आणि जाणत्या हातात आणखी क्वचित. पाण्याच्या गाठींमध्ये, म्हणजे सिस्टमध्ये, त्यांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. त्यावर इथे जास्त थांबत नाही. छिद्राबद्दल एकच नोंद : अमेरिकेत घशालगत अन्ननलिकेला छिद्र पडण्याचं ०.०३ टक्के हे प्रमाण ज्या २००१ च्या पाहणीतून आलं तीही डॉक्टरांना प्रश्नावली पाठवून, म्हणजे त्यांनी स्वतः दिलेल्या माहितीवरच केलेली होती.

आता त्या मोठ्या धोक्याकडे येतो, जो कुठल्याच यादीत नसतो. तो म्हणजे 'निगेटिव्ह' रिपोर्ट.

या सुईची अचूकता उत्तम आहे. २०१२ मध्ये ३३ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा की कॅन्सर असेल तर सुई तो ८५ टक्के वेळा पकडते, आणि कॅन्सर नसताना आहे म्हणण्याची चूक जेमतेम दोन टक्के वेळा करते. हल्ली टोकाला खाचा असलेल्या नव्या सुयांनी सलग तुकडा मिळतो, त्यामुळे हे आकडे आणखी सुधारले आहेत. पण ८५ टक्के या आकड्याचा रुग्णाच्या बाजूने हिशेब करून बघा. स्कॅन संशयास्पद असलेले शंभर जण घ्या. त्यातल्या ऐंशी जणांना खरोखर कॅन्सर आहे असं समजू. अशा रुग्णांत ही गोष्ट अवास्तव नाही. ऐंशीपैकी अडुसष्ट सापडले, बारा सुटले. उरलेल्या वीस निरोगींपैकी जवळपास सगळ्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे बत्तीस जणांच्या हाती 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' असा कागद आहे, आणि त्यातल्या बारा जणांना कॅन्सर आहे. तीनात एकाहून जास्त.

स्वादुपिंडाचा कॅन्सर स्वतःभोवती तंतूंची दाट भिंत उभारतो. गाठीत कॅन्सरपेक्षा तंतूच अधिक असू शकतात, मध्ये मेलेला भाग असू शकतो, भोवती जुनी सूज असू शकते. सुईने जिथून उचललं तिथे पेशी नव्हत्या, एवढंच तो कागद सांगतो. पॅथॉलॉजिस्ट हे जाणतो, तपासणी करणारा डॉक्टर हे जाणतो. घरी मात्र पेढे वाटले जातात. "रिपोर्ट निगेटिव्ह आला, देव पावला." पुढच्या तारखेला यायचं राहून जातं, कुणी आयुर्वेदिक काढा सुचवतं, शेतातली कामं असतात, आणि चार महिन्यांनी डोळे पिवळे होतात तेव्हा गाठीने शेजारची रक्तवाहिनी वेढलेली असते. हे चार महिने सुईच्या गुंतागुंतीत मोजले जात नाहीत. माझं म्हणणं आहे, मोजले पाहिजेत. सुईमुळे आलेल्या सुजेतून बहुतेक जण आठवड्यात उठतात. अर्धवट समजलेल्या कागदाने गेलेला वेळ परत मिळत नाही.

यावर जाणकार वाचक म्हणेल की ही सुईची चूक कशी? ती संवादाची चूक झाली. मला ही वाटणी मान्य नाही. तपासणी ही सुई टोचण्यापासून त्या उत्तरावर कुणीतरी काहीतरी ठरवण्यापर्यंतची सबंध गोष्ट असते. औषधाचं दुष्परिणामपत्रक लिहिताना चुकीच्या डोसचा धोका आपण त्यात धरतोच. मग रिपोर्ट चुकीचा वाचला जाण्याचा धोका का धरू नये?

उलट बाजूला, योग्य प्रश्नाला सुईने दिलेलं उत्तर आयुष्य बदलू शकतं. स्टीव्ह जॉब्ज यांनी २००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या भाषणात स्वतःच्या या तपासणीची हकीकत जाहीरपणे सांगितली होती. सकाळच्या स्कॅनवरून डॉक्टरांनी आशा सोडलेली. संध्याकाळी घशातून नळी घालून सुईने पेशी काढल्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की हा नेहमीचा कॅन्सर नव्हे, शस्त्रक्रियेने बरा होऊ शकणारा दुर्मीळ प्रकार आहे. स्कॅनवर सारख्याच दिसणाऱ्या गाठींत किती अंतर असू शकतं याचं याहून प्रसिद्ध उदाहरण नसेल. (त्यांनी शस्त्रक्रिया त्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी करून घेतली, हेही जाहीरच आहे. सुई उत्तर देते, पुढचं पाऊल उचलत नाही.) तसाच ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस. स्वादुपिंड फुगतं, कावीळ होते, आजार स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांनी काही आठवड्यांत उतरतो. कॅन्सर समजून व्हिपल केली आणि काढलेल्या तुकड्यात हा आजार निघाला, असं जगभर घडलेलं आहे. व्हिपल ही पोटातल्या सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक. तिच्यापासून एखाद्याला वाचवणारी सुई शंभरात दोन जणांना त्रास देत असेल तरी स्वस्त आहे.

तर मग सुई केव्हा महाग पडते? उत्तर काहीही आलं तरी पुढचं पाऊल तेच राहणार असेल तेव्हा. हे मी हवेत बोलत नाही. स्वादुपिंडाच्या शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने २०१४ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की गाठ काढता येण्याजोगी असेल आणि कॅन्सरचा संशय दाट असेल, तर शस्त्रक्रियेआधी बायोप्सीचा पुरावा अनिवार्य नाही. कारण उघड आहे : रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर शस्त्रक्रिया करायची, आणि निगेटिव्ह आला तरी त्यावर विश्वास न ठेवता शस्त्रक्रियाच करायची. याउलट आधी केमोथेरपी द्यायची असेल तर बायोप्सी हवीच. पेशी पाहिल्याशिवाय कुणाच्या शिरेत केमो सोडता येत नाही. २०११ नंतर फोल्फिरिनॉक्स हे केमोचं मिश्रण आलं आणि शस्त्रक्रियेआधी केमो देण्याकडे कल वाढला, त्याबरोबर सुईची गरजही वाढली. याच कारणाने ती पुष्कळदा न्याय्य असते. पण प्रत्येक वेळी असतेच असं नाही, आणि 'एकदा करून घेऊ, म्हणजे खात्री होईल' हे वाक्य मला धोकादायक वाटतं. खात्री ही पुढच्या निर्णयाला लागते. ती नुसती फाइलमध्ये ठेवायची असेल तर तिची किंमत कोण देतं हे विचारायला हवं.

किंमत बऱ्याचदा सुईनंतरच्या साखळीत दडलेली असते. काविळीच्या रुग्णाची सुईची तारीख आठवड्यानंतरची मिळते, रिपोर्टला आणखी आठवडा, तो संदिग्ध आला तर पुन्हा सुई. दरम्यान कावीळ वाढते, म्हणून पित्तनलिकेत स्टेंट टाकतात. नेदरलँड्समध्ये २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २०२ रुग्ण होते. थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत गंभीर गुंतागुंतींचं प्रमाण ३९ टक्के होतं. आधी स्टेंट टाकून थांबलेल्यांत ७४ टक्के. तेव्हाचे स्टेंट प्लास्टिकचे होते, आता धातूचे अधिक चांगले आहेत, हे खरं. तरी सुईसाठी थांबावं लागलं म्हणून स्टेंट आणि स्टेंटमुळे संसर्ग, हा दुवा कुठल्याच वहीत सुईच्या नावापुढे लिहिला जात नाही. तसंच हृदयात स्टेंट असलेल्या माणसाचं. रक्तस्राव होऊ नये म्हणून सुईआधी त्याच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी काही पाच-सात दिवस बंद कराव्या लागतात. त्या दिवसांत हृदयाच्या स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तो हृदयविकाराचा झटका म्हणून नोंदला जाईल. तो कुठून सुरू झाला हे फक्त घरच्यांना आठवेल.

हे सगळं रुग्णाला सांगायचं का, हा प्रश्न आपल्याकडे कायद्यातही आला आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला. निदानासाठी लॅपरोस्कोपीला संमती दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय आणि बीजकोश ती भुलीखाली असताना, आईची संमती घेऊन, काढले होते. न्यायालयाने म्हटलं की निदानाची संमती ही उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान व्यक्तीच्या ऐवजी नातेवाइकाची सही चालत नाही. हा भाग वाचताना आपल्या रुग्णालयांच्या व्हरांड्यात रोज काय चालतं ते आठवतं : "त्यांना सांगू नका हं डॉक्टर, खचतील. काय असेल ते मला सांगा." मुलगा सही करतो, वडिलांना 'अल्सरची तपासणी' असं सांगितलेलं असतं. मग दुसऱ्या दिवशी वडिलांचं पोट दुखू लागलं तर हे दुखणं काळजीचं आहे, हे त्यांना कळायचं कसं? घरच्यांची माया मी समजू शकतो, पण इथे ती रुग्णाच्या सुरक्षिततेच्या आड येते.

त्याच निकालाचा दुसरा भाग मात्र मला पटत नाही. डॉक्टरने पुरेशी माहिती दिली पाहिजे, पण रुग्ण घाबरून उपचार नाकारेल असे दूरचे, सैद्धांतिक धोके सांगायची गरज नाही, असं न्यायालय म्हणालं. कारण दिलं ते भारतातल्या परिस्थितीचं : गरिबी, निरक्षरता, डॉक्टरवर असलेला विश्वास. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात वेगळा मापदंड लावला. धोका सांगायचा की नाही हे टक्केवारीने ठरत नाही. त्या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला तो महत्त्वाचा वाटेल का, यावर ठरतं. मला हा मापदंड आपल्याकडच्या गरीब रुग्णाला अधिक लागू पडतो असं वाटतं. ज्याच्या गावी सीटी स्कॅन नाही, ज्याला परत यायला एसटीचे आठ तास लागतात, त्याच्यासाठी 'चोवीस तासांत पोटात कळ येऊ शकते' हा धोका दूरचा नाही. कुलाब्यात राहणाऱ्यासाठी तो कदाचित असेल. निरक्षर माणसाला हिशेब कळत नाही, ही समजूत तर मला उद्धटच वाटते. पावसाच्या भरवशावर पेरणी करणारा शेतकरी अनिश्चिततेबद्दल आपल्यापेक्षा जास्तच विचार करत असतो.

डॉक्टरांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. ओपीडीत साठ जण बाहेर बसलेले असताना तीनशेत एक होणाऱ्या गोष्टीवर बोलत बसायचं? आणि बोललो, लिहून ठेवलं, उद्या खरंच सूज आली, तर तोच कागद घेऊन नातेवाईक काचा फोडायला येणार नाहीत कशावरून? महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. १९९५ पासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आहे. गुंतागुंत म्हणजेच हलगर्जी, असं समीकरण समाजाच्या मनात पक्कं आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या दोन्हींत भेद केला, पण तो भेद न्यायालयाबाहेर फारसा पोचलेला नाही. उत्तम हातांनी, योग्य कारणासाठी, सगळी काळजी घेऊन टोचलेल्या सुईनेही पँक्रियाटायटिस होतो. हे मान्य करायला समाज तयार नसेल तर डॉक्टर मोजणार नाहीत, लिहिणार नाहीत आणि सांगणार तर मुळीच नाहीत. त्यामुळे रुग्णाच्या हक्काचा मुद्दा मांडणाऱ्याने ही जबाबदारीही उचलावी लागते : सांगून झालेल्या गुंतागुंतीवर मुठी आवळायच्या नाहीत.

करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. सुईआधी एक प्रश्न कागदावर लिहावा : रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आपण काय करणार? उत्तर ठरलेलं नसेल तर तारीख घेऊ नये. घरी पाठवताना मराठीत चार ओळी द्याव्यात : पोटात सतत कळ, ताप, काळं शौच, उलटीत रक्त, यांपैकी काही झालं तर या नंबरवर, रात्रीही. निगेटिव्ह रिपोर्टवर 'याने कॅन्सर नाही असं सिद्ध होत नाही' हे वाक्य रुग्णाच्या भाषेत छापावं. आणि आठवड्याने फोन करावा, सगळ्यांना, ज्यांचं काही बिघडलेलं नाही असं वाटतं त्यांनाही.

हा शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि तोच सगळ्यात अवघड जाईल. जे रुग्णालय फोन करील त्याचा आकडा वाढेल, ०.६ चा १.७ होईल, निदान कागदावर. रस्त्यापलीकडचं रुग्णालय फोन करणार नाही आणि त्याच्या माहितीपत्रकावर 'गुंतागुंत अर्ध्या टक्क्याहून कमी' असं छापलेलं राहील. घाबरलेलं कुटुंब हातात स्कॅनची पिशवी घेऊन दोन्ही दारांतून फिरेल आणि स्वाभाविकपणे दुसऱ्या दारात शिरेल. दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि विमा कंपन्या जोवर आकड्यासोबत 'हा कसा मोजला?' असं विचारत नाहीत, तोवर प्रामाणिक मोजणीचा भुर्दंड मोजणाऱ्यालाच बसेल. त्या कुटुंबाने निदान दोन्ही दारांत एवढं विचारावं : मागच्या महिन्यात सुई लागलेल्यांपैकी किती जणांशी तुम्ही नंतर बोललात?